सरेच्या टेकड्या आणि अरुंद रस्ते: बोरघाटाची तयारी पुरेल का?

पार्लेपूर्व

नमस्कार. येत्या सप्टेंबरमध्ये आम्ही उभयता तीन आठवड्यांसाठी मुलीकडे, इंग्लंडमध्ये, सरे परगण्यातल्या गिल्डफर्डला जाणार आहोत. मुलगी आणि जावई दिवसभर कामावर असतील, पत्नीने बागा आणि जुने वाडे पाहण्याचा कार्यक्रम आखला आहे, आणि मला आठवड्यातून तीन-चार सकाळी सायकल चालवण्याची मुभा मिळाली आहे. (ती कशी मिळाली, हा स्वतंत्र धाग्याचा विषय होईल.)

माझे वय ५४, वजन ७० किलो. पावसाळा सोडला तर दर रविवारी पहाटे पार्ल्याहून निघून साठ-सत्तर किलोमीटर चालवतो. बोरघाट चार वेळा चढलो आहे, कसारा एकदा, आणि गेल्या वर्षी २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे वेळेचे बंधन असलेली लांब पल्ल्याची सायकलफेरी, साडेतेरा तासांच्या मुदतीत, फार दमछाक न होता पूर्ण केली. सायकलला पुढे ५० आणि ३४ दातांच्या दोन चकत्या आणि मागे ११ ते २८ दातांच्या चकत्या असे गिअर आहेत.

नकाशा पाहिला तेव्हा गिल्डफर्डच्या आसपासच्या टेकड्यांची मला भीती वाटली नाही. लीथ हिल ही सरेमधली सर्वांत उंच टेकडी, आणि तिची उंची २९४ मीटर. आपले लोणावळे सहाशेच्या वर आहे. हे मी फोनवर जरा ऐटीतच सांगितले, तेव्हा जावई म्हणाले, "बाबा, त्या भागात मी सायकल हातात धरून चालत वर गेलो आहे." जावई वयाने माझ्यापेक्षा बावीस वर्षांनी लहान आणि नियमित पोहणारे आहेत, म्हणून मनात पाल चुकचुकली.

बोरघाट चढणाऱ्या माणसाला या टेकड्या खरोखरच जड जाव्यात का, हे जाणकारांनी सांगावे. शिवाय तिथल्या ग्रामीण रस्त्यांवर मोटारींना ताशी ६० मैलांची, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटरची मुभा असते असे वाचले. एका गाडीपुरत्या रुंद रस्त्यावर हा वेग असेल, तर "शांत रस्ते" म्हणून त्यांची जी ख्याती आहे ती कशाच्या आधारावर?

शिंगरोबा

जावयांचे म्हणणे खरे माना. मी चार वर्षे रेडिंगला नोकरीनिमित्त होतो आणि तुमच्यासारखाच बोरघाटाच्या भरवशावर तिथे गेलो होतो.

घाट आणि तिथली चढण यांत फरक उंचीचा नाही, रस्ता कोणी आणि कशासाठी काढला याचा आहे. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. ओझ्याने लादलेले बैल वर पोहोचले पाहिजेत, या हिशोबाने तो डोंगराला वळसे घालत चढवलेला आहे. त्यामुळे एकदा लय सापडली, की शिंगरोबाच्या देवळापाशी नारळ फोडून पुढे खंडाळ्यापर्यंत ती टिकवता येते. (शेवटच्या तीव्र टप्प्याबद्दल माझे मत वेगळे आहे, पण तो एकच टप्पा आहे.) सरेमधल्या गल्ल्या कोणी आखलेल्याच नाहीत. शेतातून चर्चकडे, खेड्यातून गिरणीकडे माणसे आणि जनावरे शतकानुशतके ज्या वाटेने सरळ चढत गेली, त्याच वाटेवर पुढे कधीतरी डांबर पडले. वळसा घालण्याचे कष्ट कोणी घेतले नाहीत, म्हणून रस्ता टेकडीला थेट भिडतो. किलोमीटर-दीड किलोमीटरची चढण, त्यात मध्येच दोनशे-तीनशे मीटर पंधरा-वीस टक्क्यांचे (म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना पंधरा-वीस मीटर वर), की लगेच माथा, लगेच उतार, आणि तळाशी ओढा ओलांडला की समोर दुसरी चढण उभी.

गिल्डफर्डपासून पूर्वेकडे दोन डोंगररांगा जवळजवळ समांतर जातात. उत्तरेकडची नॉर्थ डाउन्स ही खडूच्या दगडाची, दक्षिणेकडची वालुकाश्माची. या दोहोंच्या मध्ये टिलिंगबर्न नावाच्या छोट्या नदीचे खोरे आहे. उत्तर-दक्षिण फेरी आखली की दोन्ही रांगा जाता-येता ओलांडाव्या लागतात. म्हणून ऐंशी किलोमीटरच्या एका सकाळीत हजार-बाराशे मीटर चढाई सहज होते, आणि या सगळ्यात तुम्ही एकदाही तीनशे मीटरच्या वर गेलेले नसता. बोरघाट खोपोलीहून एकदा चढल्यावर पाचशेच्या आत-बाहेर चढाई पदरात पडते आणि नंतर लोणावळ्यात चिक्की खात बसता येते. तिथे उंची नाही, पण उसंतही नाही.

आता तुमच्या गिअरबद्दल, कारण खरी मेख तिथे आहे. तुम्ही ७० किलो, सायकल आणि पाण्याच्या बाटल्या धरून आणखी १०, असे ८० किलो धरू. वीस टक्क्यांच्या चढावर ३४/२८ या सर्वांत हलक्या गिअरमध्ये मिनिटाला ६० वेळा पेडल फिरवायचे म्हटले, तर वेग ताशी नऊ किलोमीटरच्या थोडा वर येतो आणि त्यासाठी सुमारे ४०० वॉट शक्ती लागते. ती तुमच्या-माझ्याकडे अर्धा मिनिट असते. मागे ३४ दातांची चकती असेल, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा, तर त्याच गतीला सुमारे ३३० वॉट लागतात, आणि पेडलची गती ४५ पर्यंत खाली येऊ दिली तर २५० च्या आसपास भागते. तेवढ्या शक्तीवर दोन-तीन मिनिटे दात-ओठ खात काढता येतात, आणि तिथल्या चढणीचा अवघड तुकडा साधारण तेवढाच असतो. थोडक्यात, मागे ११-३४ ची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बसवून घ्या. डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) आखूड पिंजऱ्याचा असेल तर तो ३४ दात पेलणार नाही. तो बदलावा लागेल आणि चेनही थोडी लांब लागेल. दुकानदार "चालून जाईल" म्हणाला तरी आधी पुढच्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर एकदम चेन टाकून दाखवायला सांगा.

हे इतक्या आवर्जून सांगण्याचे कारण अनुभव हेच आहे. पहिल्याच महिन्यात मी एका दुकानातून सायकल भाड्याने घेतली. शर्यतीची, देखणी, आणि मागे सर्वांत मोठी चकती २५ दातांची. दुकानदाराने विचारले नाही आणि मीही पाहिले नाही. क्रॅनलीजवळच्या बारहॅच लेनवर, जिथे चढ वीस टक्क्यांना टेकतो, तिथे पेडल वरच्या बाजूला अडकून राहिले आणि क्लीट (बूट पेडलला अडकवणारी खूंटी) सुटण्याआधीच मी डावीकडच्या बांधावर आडवा झालो. खरचटण्यापेक्षा वाईट गोष्ट पुढे झाली. क्लीटच्या बुटांनी ओल्या डांबरावर चालताना दर पावलाला मागे घसरत होतो, म्हणून शेवटी बूट काढून मोज्यांवर वर गेलो. एक आजीबाई कुत्रा घेऊन उतरत होत्या, त्यांनी अतिशय गंभीर चेहऱ्याने "गुड मॉर्निंग" म्हटले.

एक सावधगिरी. सगळे तुम्हाला आधी बॉक्स हिलला जायला सांगतील. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या शर्यतीत त्या टेकडीला नऊ फेऱ्या होत्या आणि महिलांच्या शर्यतीत दोन, म्हणून तिचे नाव मोठे आहे. जरूर जा, वरून दृश्य सुरेख दिसते. पण तो अडीच किलोमीटरचा, सरासरी पाच टक्क्यांचा, नागमोडी आणि गुळगुळीत रस्ता म्हणजे सरेमधला आपल्या घाटासारखा एकमेव चढ आहे. तो सहज चढून तुम्ही मला "उगाच घाबरवले" असे लिहाल, आणि दुसऱ्या दिवशी व्हाइट डाउन लेन नावाच्या उभ्या चढावर गाठ पडेल.

पाणंद

पार्लेपूर्व काका, शिंगरोबा यांनी चढाचे सांगितले ते सगळे मान्य आहे. पण मी तीन वर्षे इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या डेव्हनमध्ये राहिले, आणि माझ्या मते मुंबईहून जाणाऱ्या माणसाची खरी परीक्षा उतारावर होते. चढावर फार तर उतरून चालावे लागते.

माझे हे नाव तिथल्या रस्त्यांवरूनच घेतलेले आहे. ज्यांनी कोकणातली पाणंद पाहिली आहे, दोन्ही बाजूंना गडगा किंवा वई आणि मधून बैलगाडीपुरती वाट, त्यांनी त्यावर डांबर अंथरलेले मनात आणावे; डेव्हनची गल्ली डोळ्यांसमोर उभी राहील. वई म्हणजे तिथे मातीचा उंच बांध आणि त्यावर दाट झाडी. सरेच्या दक्षिण भागात तर मऊ वालुकाश्मावरून शतकानुशतके चाके आणि पाणी वाहून काही रस्ते आजूबाजूच्या शेतांपेक्षा कितीतरी खोल गेले आहेत. दोन्ही बाजूंना मातीच्या भिंती, त्यांतून लोंबणारी झाडांची मुळे आणि वर फांद्यांचे छत. भर दुपारी तिथे सायकलचा दिवा लावलेला बरा. उन्हातून आत शिरताच काही क्षण डोळ्यांना काहीच दिसत नाही, आणि नेमका तिथेच रस्ता ओला असतो, कारण ऊन तळापर्यंत पोहोचतच नाही.

अशा रस्त्यावर वेगाचा नियम काय सांगतो, हा तुमचा प्रश्न योग्य आहे. पांढऱ्या वर्तुळावर तिरपी काळी पट्टी अशी खूण दिसली की तिथे ६० मैलांची सर्वसाधारण मर्यादा लागू, आणि ही खूण कधी कधी अशा गल्लीच्या तोंडाशी असते जिथे मोटारीचे दोन्ही आरसे पानांना घासतात. ती मर्यादा आहे, तेवढा वेग गाठायचाच असे कोणी समजत नाही. प्रत्यक्षात स्थानिक माणसे बेताने चालवतात, कारण पुढच्या वळणाआड ट्रॅक्टर असू शकतो हे त्यांना पक्के ठाऊक असते. रस्त्यात ठरावीक अंतराने एका बाजूला थोडी रुंद जागा ठेवलेली असते. तिथे थांबून समोरच्याला वाट द्यायची, मग दोघांनी हात वर करायचा. हात वर करायला विसरू नका. तिथे ते फार मनावर घेतात. २९ जानेवारी २०२२ पासून तिथल्या वाहतूक संहितेत सुधारणा झाली. ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगाने जाणाऱ्या मोटारीने सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर अंतर ठेवावे, वेग जास्त असेल तर अधिक, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. दीड मीटर मिळेल एवढी गल्लीच रुंद नसते, म्हणून मोटारवाला मुकाट्याने मागे राहतो. आपल्याला मागून हॉर्न ऐकायची इतकी सवय आहे, की पहिले काही दिवस ती शांतता अंगावर येते. मागे गाडी आहे हे फक्त टायरच्या आवाजावरून कळते. डावीकडे आणखी सरकत बांधात शिरू नका. रस्त्याच्या मधोमध रहा आणि रुंद जागा आली की थांबा.

घोड्यांचे मात्र वेगळे आहे. सरेमध्ये तबेले पुष्कळ, त्यामुळे घोडेस्वार जवळजवळ दररोज भेटतात. सायकल आवाज न करता मागून येते आणि घोडा बिचकतो. लांबूनच वेग कमी करून, घंटी न वाजवता, नुसते तोंडाने "हॅलो" म्हणा. माणसाचा आवाज ऐकला की घोडा शांत राहतो. स्वाराने मान डोलावली की उजवीकडून, भरपूर अंतर राखून, हळू जा. एकदा मी वळणावर ब्रेक दाबून थांबले तेव्हा घोड्याचे नाक माझ्या हँडलपासून हातभर अंतरावर होते आणि त्याच्या श्वासाची वाफ माझ्या चष्म्यावर धरली. चूक माझी होती, उताराचा मोह आवरला नव्हता. तेव्हापासून माझा नियम असा आहे, की जेवढा रस्ता पुढे दिसतो आहे त्याच्या निम्म्यात थांबता येईल एवढाच वेग ठेवायचा. निम्म्यात अशासाठी, की समोरून येणाऱ्यालाही थांबायला उरलेला निम्मा लागतो.

तुम्ही सप्टेंबरमध्ये जात आहात म्हणून आणखी एक. पक्ष्यांच्या विणीमुळे शेतकऱ्यांना १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात वई छाटायला मनाई असते. ती मुदत संपली की यंत्रे बाहेर पडतात आणि वईतल्या हॉथॉर्न या काटेरी झुडपाचे काटे रस्त्यावर विखुरतात. त्यात खडूच्या रांगेवर पावसाने वाहून आलेल्या गारगोटीच्या धारदार कपच्या. दोन ट्यूब बरोबर ठेवाच, आणि टायर २८ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असावेत. नुसता पंक्चरचा डबा घेऊन निघालात तर काटा शोधण्यातच सकाळ जाईल.

पार्लेपूर्व

दोघांचेही मनापासून आभार. बूट काढून मोज्यांवर चढण्याचा प्रसंग पत्नीला वाचून दाखवला, ही चूक झाली. आता तो घरात रोज निघतो.

सायकल इथूनच न्यायचे ठरवत आहे. तीन आठवड्यांचे भाडे पाहता, काळबादेवीच्या दुकानातून रिकामे खोके आणून त्यात ती बांधणे परवडते असे दिसते. पण मग सरावाचे काय? जुलै-ऑगस्ट आपल्याकडे मुसळधार पाऊस, घाटात दरडींची भीती आणि घरातून सक्त ताकीद. दहा-बारा टक्क्यांपुढचा चढ मुंबईत मिळणार तरी कुठे?

मुलुंड_चेकनाका

वरचे प्रतिसाद उत्तम आहेत, पण वाचून माणूस घाबरेल, म्हणून थोडे उलट बाजूने लिहितो. मी इंग्लंडमध्ये एकदाच सायकल चालवली, डर्बीशायरमध्ये, आणि तेव्हा माझ्या मागेही २८ चीच कॅसेट होती. कॅसल्टन गावातून विनॅट्स पास चढताना दोनदा उतरलो. दोन्ही बाजूंना चुनखडीचे कडे, मधून सरळ वर जाणारा रस्ता आणि कडेला चरणाऱ्या मेंढ्या. उतरलो नसतो तर यातले काहीच नीट पाहिले नसते. शेजारी माम टॉर डोंगराच्या उतारावरून गेलेला जुना मुख्य रस्ता सततच्या भूस्खलनाने १९७९ मध्ये वाहनांना कायमचा बंद झाला. त्याचे फाटलेले, खचलेले डांबर अजून तसेच आहे. आपल्या घाटातल्या दरडींची सवय असलेल्या माणसाने ते आवर्जून पाहावे. आपण दरड उपसून रस्ता पुन्हा सुरू करतो. त्यांनी अनेक दशके डागडुजी करून अखेर डोंगरापुढे हात टेकले.

सरावाचे म्हणाल तर मुंबईत लांब चढ नाही, आणि तुम्हाला तो नकोच आहे. गिरगाव चौपाटीवरून वाळकेश्वर मार्गाने तीन बत्तीपर्यंतचा चढ पहाटे साडेपाचला घ्या, उतरा, पुन्हा घ्या. आठ-दहा वेळा. पहिल्या चार वेळा हसू येईल, सातव्या वेळी येणार नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातला कान्हेरीचा रस्ता पार्ल्याहून जवळ आहे आणि लेण्यांआधीचा शेवटचा टप्पा पाय तपासतो. ठाण्याच्या बाजूला येऊर आहेच. नेरळ-माथेरान रस्ता खरा तुमच्या कामाचा, तीव्रता तिथल्यासारखीच. पण पावसात शेवाळलेल्या त्या उतारावर, टॅक्सींच्या मधून खाली येण्याचा सल्ला मी कोणाला देणार नाही. चढ कुठलाही असो, मुद्दाम एक गिअर जड ठेवून, मिनिटाला ४५-५० फेऱ्यांनी, कधी बसून आणि कधी उभे राहून चढा. तिथे ओल्या रस्त्यावर फार पुढे झुकून उभे राहिलात तर मागचे चाक जागीच फिरते, म्हणून बसून जोर लावण्याची सवय जास्त उपयोगी पडेल.

आणि थंडी. आपण पावसात भिजतो ते सत्तावीस अंशांना. तिथे सप्टेंबरच्या सकाळी बारा अंशांत घामाने भिजलेले अंग घेऊन उतरलात तर खालच्या वळणावर बोटे ब्रेक दाबायला तयार नसतात. खिशात घडी होईल असे वाऱ्याचे जाकीट आणि पूर्ण बोटांचे हातमोजे घ्या. माथ्यावर पोहोचल्यावर नव्हे, उतार सुरू होण्याआधी घाला. ही दोन वेगळी ठिकाणे आहेत, कारण माथ्यावर माणूस फोटो काढण्यात रमतो.

शिंगरोबा

मुलुंडकरांशी सहमत, मेंढ्यांसकट.

पहिल्या सकाळसाठी एक फेरी सुचवतो. गिल्डफर्डहून शालफर्ड, चिलवर्थ, ऑल्बरी असे खोऱ्यातून शीअरपर्यंत जा. हा मुख्य रस्ता असल्याने सकाळी लवकर निघा. पुढे गोमशॉल आणि अॅबिंजर हॅमर. तिथे रस्त्यावर झुकलेले एक घड्याळ आहे, त्यात हातोडा घेतलेला लोहार तासाला घंटेवर ठोका देतो. गावाच्या नावातला हातोडा जुन्या लोखंडाच्या भट्ट्यांचा आहे. तिथून दक्षिणेला होमबरी सेंट मेरी, मग टेकडी ओलांडून पीझलेक. पीझलेकच्या दुकानातल्या चीज स्ट्रॉ सायकलवाल्यांत प्रसिद्ध आहेत, आपल्या खारीची चीज घातलेली थोरली बहीण समजा. परत शीअरमार्गे घरी. सगळे मिळून पस्तीस-चाळीस किलोमीटर. चढ आहेत, पण रडवणारे नाहीत. पाय किंवा हवा बिघडली तर गोमशॉल, चिलवर्थ आणि शालफर्ड या तिन्ही ठिकाणी रेल्वे स्थानके आहेत आणि गाडी गिल्डफर्डलाच येते. ऐन गर्दीच्या वेळी सायकलसह चढण्यावर बंधने असू शकतात, तेवढी वेळ आधी पाहून ठेवा.

कागदी नकाशा घेतलात तर ऑर्डनन्स सर्व्हे या तिथल्या सरकारी नकाशा संस्थेचा १:५०,००० प्रमाणाचा, गुलाबी मुखपृष्ठाचा घ्या. त्यात पिवळ्या रंगाचे रस्ते आपले, आणि त्यांवर बाणाच्या खुणा शोधा. एक बाण म्हणजे चौदा ते वीस टक्के चढ, दोन बाण म्हणजे त्याहून जास्त. तीन आठवड्यांत दोन बाणांचा एक तरी रस्ता करा, पण पहिल्या आठवड्यात नको.

पार्लेपूर्व

११-३४ ची कॅसेट आणि लांब पिंजऱ्याचा डिरेलर सांगून ठेवला आहे. आज पहाटे तीन बत्ती सहा वेळा केली. सातवी खरोखरच झाली नाही, नाक्यावर चहा घेतला.

पत्नीने वरची फेरी नकाशावर पाहिली आणि ती रेल्वेने गोमशॉलला येऊन पीझलेकपर्यंत चालत येईन म्हणते, म्हणजे चीज स्ट्रॉ एकत्र खाता येतील. स्थानकापासून पायी किती वेळ लागेल?

शिंगरोबा

साडेतीन किलोमीटरच्या आसपास आहे, रस्ता हळूहळू चढत जातो. पाऊण ते एक तास. पदपथ सगळीकडे नाही, म्हणून वहिनींना समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या बाजूने चालायला सांगा, आणि उजळ रंगाचे काहीतरी अंगावर असू द्या. तुम्ही वाटेत लोहाराचा ठोका ऐकायला थांबलात तर त्या तुमच्या आधी पोहोचतील.